खेळातले गाव आणि वास्तूचे सत्त्व

नगररचनेच्या संगणकीय खेळासाठी खऱ्या गावातली इमारत घडवताना तिचे फक्त बाहेरचे अंग घडवले जाते. फिनलंडमधील टाम्पेरे शहरातल्या कोलोसल ऑर्डर या संस्थेचा 'सिटीज: स्कायलाइन्स' हा खेळ २०१५ मध्ये आला आणि हौशी कारागिरांना आपापल्या वास्तू त्यात बसवण्याची मुभा मिळाली. ब्लेंडरसारख्या प्रणालीत त्रिकोणी पृष्ठांचा सांगाडा उभा करायचा, खऱ्या भिंतींची छायाचित्रे त्यावर चढवायची, दुरून दिसण्यासाठी कमी त्रिकोणांची दुसरी आवृत्ती तयार ठेवायची आणि शेवटी खेळाच्या संपादकात त्या वास्तूला काम नेमून द्यायचे, असा हा क्रम आहे. दार चितारलेले असते, ते उघडत नाही. खेळातला नागरिक दारापाशी येतो आणि नाहीसा होतो, कारण आत खोलीच नसते. अशा रूपात मूळ वास्तूचे काय उतरते आणि काय मागे राहते, हा प्रश्न घराच्या बाबतीत स्मृतीचा आहे. देऊळ, विहार किंवा दर्गा यांच्या बाबतीत तो धर्माचा होतो.

भंडारा जिल्ह्यातली वस्ती या कामाला सहजासहजी दाद देत नाही. वैनगंगेच्या काठचे भंडारा आणि पवनी, धानाच्या बाजारपेठेचे तुमसर, कोशाचे कापड विणणारी मोहाडी आणि आंधळगाव ही सगळी गावे वाकड्या गल्ल्यांची आहेत. खेळातली जमीन मात्र आठ मीटर लांबी-रुंदीच्या चौकटींत विभागलेली असते आणि घर रस्त्याकडे तोंड करून त्या चौकटीत बसवावे लागते. त्याहून मोठी अडचण वर्गवारीची आहे. खेळाला निवास, व्यापार, उद्योग आणि कार्यालय अशी वेगवेगळी खाती हवी असतात. विणकराच्या घरात पुढच्या खोलीत माग, मागे चूल, बाजूला गुरे आणि वर धानाची साठवण असते. त्या घराला यांपैकी एक खाते निवडावे लागते. देवळासाठी तर मूळ खेळात खातेच नाही. अंत्यसंस्काराची सोय आहे, उपासनेची नाही. म्हणून हौशी कारागीर देवळाची नोंद बहुधा उद्यान किंवा विशेष वास्तू म्हणून करतो, आणि मग देऊळ आसपासच्या जमिनीचा भाव वाढवणारी वस्तू ठरते. पिंपळाभोवतीचा पार आणि त्यावरचा शेंदूर फासलेला दगड यांना तर इमारतही म्हणता येत नाही.

काळाची अडचण वेगळीच आहे. कवेलूच्या छपराचे घर दरवर्षी थोडे बदलते. पावसाळ्याआधी कवेलू फेरतात, फुटलेले काढून नवे घालतात, भिंत पुन्हा सारवतात. वीस-तीस वर्षांत छपराचा बहुतेक भाग नवा झालेला असतो, तरी घर तेच राहते, कारण ते फेरणारे कुटुंब तेच असते. क्षणिकवादी बौद्ध आचार्य वस्तूच्या टिकण्याला सारख्या क्षणांची अखंड धारा म्हणतात. कवेलूच्या घराला हे वर्णन चपखल बसते. मॉडेल मात्र त्या धारेतला एकच दिवस धरते. त्यात कवेलू फुटत नाही आणि कोणाला फेरावाही लागत नाही.

आकार जसाच्या तसा आला म्हणून मूळ वस्तू आली का, या प्रश्नावर भारतीय तर्कपरंपरेने फार आधी नेमके उदाहरण घेतले आहे. पदाचा अर्थ व्यक्ती, आकृती की जाती, याची चर्चा करताना न्यायसूत्रांत मातीची गाय पुढे येते. ती एक व्यक्ती आहे, तिला गाईची आकृतीही आहे. तरीही गाय प्रोक्षण करून दान द्यावी असे सांगितले, तर मातीची गाय कोणी देत नाही. तिच्यात गोत्व नाही. नैयायिकांनी शेवटी व्यक्ती, आकृती आणि जाती या तिन्हींना पदाचा अर्थ मानले, पण एकट्या आकृतीने काम भागत नाही हा मुद्दा ठाम राहिला. पवनीच्या एखाद्या देवळाचे मॉडेल या कसोटीवर मातीच्या गाईच्या रांगेत बसते. कळस, शिखर, सभामंडप सगळे जागेवर असूनही दर्शन, नैवेद्य, आरती या देवळाशी जोडलेल्या क्रियांपैकी एकही तिथे करता येत नाही.

विदर्भातला तान्हा पोळा या निष्कर्षाला आडवा येतो. पोळ्याला खऱ्या बैलांची पूजा होते आणि दुसऱ्या दिवशी मुले लाकडी नंदी सजवून मिरवतात. घरात त्या नंदीला हळदकुंकू लागते, मुलांना बोजारा, म्हणजे खाऊ किंवा पैशांची भेट, मिळते. लाकडी बैलात बैलपण नाही हे पाच वर्षांच्या मुलालाही माहीत असते, तरी पूजा खोटी ठरत नाही. त्या दिवशी त्या वस्तूत पूज्य काही आहे असे सगळ्यांनी मिळून मानलेले असते. पार्थिव गणपतीची रीत हीच आहे. मूर्तिकाराने घडवलेली मूर्ती प्राणप्रतिष्ठेआधी माती असते, प्रतिष्ठेनंतर देव होते आणि विसर्जनाच्या विधीनंतर पुन्हा पाण्यात जाऊ शकते. शेंदराच्या तांदळ्याला, म्हणजे देव मानलेल्या अनघड दगडाला, तर नाक-डोळेही नसतात आणि त्याची पूजा पिढ्यानपिढ्या चालते. उपासनेला सादृश्य पुरत नाही आणि सादृश्यावाचून तिचे अडतही नाही. आवाहन मात्र लागते, आणि खेळातल्या देवळात ते कोणी केलेले नसते. म्हणून ते देऊळ कितीही हुबेहूब असले तरी धर्मदृष्ट्या रिकामे आहे. हे म्हणण्यात कारागिराचा अपमान नाही. मूर्तिशाळेतल्या अप्रतिष्ठित मूर्तींबद्दलही श्रद्धावान माणूस हेच म्हणतो.

याच मातीत पावित्र्याचा आणखी एक विचार रुजला आहे, आणि या विषयाला तो सर्वांत जवळचा आहे. तेराव्या शतकात चक्रधर स्वामी भ्रमण करीत भंडाऱ्याला आले आणि तिथले नीळभट्ट त्यांना येऊन मिळाले. लीळाचरित्रात ते नीळभट्ट भांडारेकार म्हणून येतात. स्वामींच्या महानुभाव पंथाने मूर्तिपूजा स्वीकारली नाही. स्वामी जिथे बसले, निजले, जेवले ती जागा मात्र त्यांच्या संबंधाने नमस्कार्य मानली. तिथे ओटा बांधतात आणि त्यालाच स्थान म्हणतात. ओट्याचा आकार कोणासारखा असावा असा प्रश्न तिथे येतच नाही. स्पर्श झाला होता की नाही, एवढेच पाहायचे असते.

या स्थानांची नोंद पंथाने ज्या काटेकोरपणे ठेवली तिला मराठीत तोड नाही. मुनिव्यासांच्या नावावर असलेली आणि वि. भि. कोलते यांनी संपादित केलेली चौदाव्या शतकातली स्थानपोथी गावोगाव जाते. देऊळ गावाच्या कोणत्या दिशेला आहे, दार कोणीकडे आहे, आसनाची जागा नेमकी कुठे आणि वसतीची कुठे, हे ती सांगते. वर्णनाला शोभा आणण्याचा मोह तिला नाही. पुढच्या यात्रेकरूला ती जागा सापडावी आणि चुकीच्या जागी माथा टेकला जाऊ नये, एवढाच तिचा हेतू आहे. सातशे वर्षांपूर्वीच्या मराठी गावांची मांडणी अभ्यासणाऱ्याला आज हीच पोथी हाताशी धरावी लागते. पोथी स्वतः स्थान नाही आणि तसा दावाही करीत नाही. ती स्थानाची साक्ष आहे, आणि साक्षीला पावित्र्याची नाही, खरेपणाची गरज असते.

खेळातल्या मॉडेलचे योग्य स्थान इथेच सापडते. त्याला मूळ वास्तूचा संबंधही नाही आणि आवाहनही नाही, त्यामुळे ते पूज्य होत नाही. साक्ष मात्र ते होऊ शकते. तशी ती व्हायची असेल तर स्थानपोथीचे नियम त्याला लागू पडतात: दिशा बदलायची नाही, चौकटीत बसत नाही म्हणून दार फिरवायचे नाही, शेजारच्या झोपडीने शोभा बिघडते म्हणून ती गाळायची नाही. यातला शेवटचा नियम सर्वांत जास्त मोडला जातो. हौशी कारागीर गावातली जुनी हवेली, शाळा, मंदिर उचलतो आणि ज्या वस्तीने ती बांधली व राखली ती वस्ती तशीच सोडतो. अशा गावात देवळे असतात, पण बुद्धविहार, दर्गा किंवा विणकरांचा मोहल्ला नसतो. हे चित्र भंडाऱ्याचे नव्हे.

फक्त बाहेरचे अंग असण्याचा परिणाम सगळ्या धर्मवास्तूंवर सारखा होत नाही, हेही लक्षात घ्यायला हवे. हिंदू देवळाचे सत्त्व गाभाऱ्यात असते, शिखर हे त्याचे बाहेरचे चिन्ह. गाभारा नसलेले मॉडेल म्हणजे मूळ गोष्टच नसलेले देऊळ. प्राचीन स्तूप मात्र आतून भरीव असतो. त्याला आत जाण्याची वाट नसते. उपासक बाहेरून प्रदक्षिणा घालतो. त्यामुळे स्तूपाचे मॉडेल आपल्या मूळ रूपाशी अधिक प्रामाणिक राहू शकते. नागपूरच्या दीक्षाभूमीचा स्तूप सांचीच्या धर्तीवर असला तरी आतून पोकळ आहे आणि तिथे माणसे एकत्र बसतात. खेळात ती पोकळी हरवते आणि तो पुन्हा सांचीसारखा दिसू लागतो.

पवनीच्या जगन्नाथ टेकडीवर भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण आणि नागपूर विद्यापीठ यांनी १९६९-७० मध्ये उत्खनन केले तेव्हा मोठ्या स्तूपाचे अवशेष आणि कोरीव कठडे सापडले. पवनीच्या एका शिल्पात मुचलिंद नाग आहे आणि सोबत ब्राह्मी लिपीत त्याचे नाव आहे. नाग ज्याच्यावर फणा धरतो ते बुद्ध मात्र माणसाच्या रूपात दिसत नाहीत. तिथे रिकामे आसन आहे. त्या कारागिरांना मानवाकृती कोरता येत नव्हती असे नाही. काय दाखवायचे नाही याचा निर्णय त्यांनी जाणून घेतला, आणि पाहणाऱ्याला तो कळावा म्हणून आसन ठेवले. मॉडेल करणाऱ्यापुढे हा धडा दोन हजार वर्षांपासून आहे. जे दाखवता येत नाही त्याची जागा रिकामी ठेवावी. नसलेला गाभारा खोट्या दिव्यांनी उजळू नये.

प्रतिकृतीचे महत्त्व कमी लेखणाऱ्यांनी बोधगयेचा इतिहास पाहावा. १८८० च्या दशकात अलेक्झांडर कनिंगहॅम आणि जोसेफ बेगलर यांनी महाबोधी मंदिराचा जीर्णोद्धार केला तेव्हा अवशेषांत सापडलेले मंदिराचे छोटे दगडी प्रतिरूप त्यांना मार्गदर्शक ठरले. ज्याने ते घडवले त्याच्या मनात पुढे कधीतरी मूळ मंदिर पडेल आणि या दगडावरून उभे राहील असा विचार बहुधा नसेल. त्याने मंदिर नीट पाहिले होते आणि पाहिले तसे घडवले होते, एवढे पुरेसे ठरले.

खेळाचे दुसरे टोक पाडण्याचे आहे. बुलडोझर निवडून एकदा टिचकी मारली की देऊळ नाहीसे होते आणि रस्ता सरळ जातो. यात दोष आहे का? आवाहनाच्या न्यायाने नाही, कारण तिथे देव नव्हताच. जैन परंपरेतली यशोधर राजाची कथा मात्र इतक्या सहज सुटू देत नाही. सोमदेवसूरींच्या ९५९ मधल्या यशस्तिलकात ती विस्ताराने येते. आईच्या आग्रहावरून राजा खऱ्या प्राण्याऐवजी पिठाचा कोंबडा देवीला बळी देतो आणि त्या संकल्पासाठी मायलेकांना अनेक पशुयोनी भोगाव्या लागतात. कोंबडा पिठाचा होता. मारण्याचा भाव खरा होता. ही कसोटी खेळाला लावताना तारतम्य हवे. गावाची रचना शिकताना वास्तू हलवणे ही हिंसा नव्हे. पण एका समाजाची उपासनास्थळे हेतूने घडवून ती हेतूने पाडणे, आणि त्यात आनंद मानणे, हे पिठाच्या कोंबड्याच्या जवळ जाते. पडद्यावर रक्त सांडत नाही म्हणून तो भाव निर्दोष होत नाही.

भंडारा जिल्ह्यात वास्तू नाहीशी होण्याचा प्रश्न केवळ तात्त्विक राहिलेला नाही. गोसेखुर्द धरणाची पायाभरणी १९८८ मध्ये झाली आणि वैनगंगेचे पाणी चढत गेले तसे भंडारा आणि नागपूर जिल्ह्यांतल्या अनेक गावांना उठावे लागले. नव्या वसाहतीत प्रतिष्ठेचा विधी करून मूर्ती पुन्हा बसवता येते; आगमांनी त्याची वाट घालून दिलेली आहे. संबंधाने पवित्र झालेली जागा मात्र उचलून नेता येत नाही, आणि पार, विहीर, गल्लीचे वळण यांच्यासाठी तर कोणताच विधी नाही. धरणाबाहेरच्या गावांतही कवेलू जाऊन स्लॅब आणि पत्रे आले आहेत. पक्के घर हा तिथे राहणाऱ्यांचा हक्क आहे आणि त्यांनी दुसऱ्याच्या स्मृतीसाठी गळक्या छपराखाली राहावे असे कोणी म्हणू नये. अशा ठिकाणी हौशी कारागिराचे मॉडेल कदाचित त्या घराची एकमेव मोजमापासहित नोंद ठरेल. तो खेळ म्हणून काम करीत असेल, पण काम नोंदीचे असते आणि त्याची जबाबदारीही तेवढीच.

'सिटीज: स्कायलाइन्स'मध्ये प्रदेशाच्या उंचसखलपणाचा खरा नकाशा आणता येतो. एका नकाशाची बाजू १७.२८ किलोमीटर असते, आणि नदीचे पाणी खेळात वाहते. वैनगंगेकाठचे गाव त्यात सहज बसते. इमारत इतरांसाठी खुली करताना तिच्यासोबत वर्णनही लिहिता येते. बहुतेक जण तिथे त्रिकोणांची संख्या लिहून थांबतात. भंडाऱ्यातले घर किंवा देऊळ घडवणाऱ्याने त्या जागेत गावाचे नाव, दाराची दिशा, वास्तू पाहिल्याचे वर्ष आणि आत जे होते पण दाखवता आले नाही त्याची यादी लिहावी. आणि घर कोणाचे राहते असेल, तर त्याचे छायाचित्र भिंतीवर चढवण्याआधी तिथल्या माणसांना विचारावे.