एका टेबलावरची चार ताटं



आपल्याकडे सकाळचे सात वाजतात तेव्हा सिंगापुरात साडेनऊ झालेले असतात. कचेऱ्या भरलेल्या असतात आणि हॉकर सेंटरांमधली न्याहारीची गर्दी ओसरायला लागलेली असते. हॉकर सेंटर म्हणजे वर छप्पर, बाजू बहुतेक मोकळ्या, मध्ये पक्की बसवलेली टेबलं आणि ओळीने खाण्याचे छोटे छोटे गाळे. बऱ्याच गाळ्यांवर एकच पदार्थ मिळतो, आणि तो करणाऱ्या माणसाचं आयुष्य त्या एकाच पदार्थात गेलेलं असतं. अशी शंभराहून जास्त सेंटरं त्या लहानशा देशात आहेत. एकट्या चायनाटाउन कॉम्प्लेक्समध्ये दोनशेच्या वर गाळे आहेत.

आपण परदेशी जातो तेव्हा तिथल्या इमारती बघतो, बागा बघतो. पण सिंगापूर कोणी घडवलं, हे बघायचं असेल तर मला वाटतं या सेंटरांत येऊन जेवावं. चीनच्या हायनान बेटावरून आलेल्या माणसांनी कोंबडी उकडण्याची आपली रीत आणली. कोंबडी उकडलेल्या त्याच पाण्यात आलं-लसूण घालून भात शिजवायचा. तो चिकन राईस आज साऱ्या सिंगापूरचा झाला आहे. दक्षिण भारतातून गेलेल्यांचा परोटा तिथे रोटी प्राटा झाला. मलय लोकांचा नासी लेमाक म्हणजे नारळाच्या दुधात शिजवलेला भात, सोबत तळलेली बारीक सुकी मासळी, शेंगदाणे, काकडीच्या चकत्या आणि सांबाल ही मिरचीची झणझणीत चटणी.

हे सगळं कष्टकऱ्यांचं अन्न आहे. नदीकाठच्या गोदामांतून पोती वाहणारे हमाल, रिक्षा ओढणारे, बांधकामावर राबणारे. त्यातले कितीतरी जण घरदार मागे ठेवून एकटे आलेले, एकेका खोलीत दाटीने राहणारे. चूल मांडायला जागा कुठे होती? मग त्यांच्यासारखाच कोणी तरी कावडीवर भांडी घेऊन गल्लीत यायचा आणि हे रस्त्यातच जेवायचे.

पुढे देश स्वतंत्र झाला. रस्त्यावरच्या विक्रेत्यांना ना नळ होता, ना गटार. खरकटं पाणी नाल्यात जायचं, साथीची भीती असायची. अशा वेळी शहरं बहुधा एकच करतात, उचलून फेकून देतात. सिंगापूरने १९६८-६९ मध्ये या विक्रेत्यांची नोंदणी केली, त्यांना परवाने दिले आणि १९७१ ते १९८६ या काळात सेंटरं बांधून त्यांना तिथे हलवलं. पाणी दिलं, वीज दिली, सांडपाण्याची सोय दिली. जुना नाका आणि ठरलेलं गिऱ्हाईक सोडून जाणं अनेकांच्या जिवावर आलं होतं, आणि ते दुःख मी लहान मानत नाही. तरीही, अन्न शिजवणारा माणूस शहराला हवा आहे, एवढं त्या नळातून आणि त्या गाळ्यातून त्याला कळलं असणार.

मला सगळ्यात जास्त बोलायचंय ते तिथल्या टेबलाबद्दल. गाळे निराळे, टेबलं मात्र सगळ्यांची मिळून. जागा मिळेल तिथे बसायचं. एका माणसापुढे डुकराच्या मांसाचे नूडल्स, समोरच्या बाईंपुढे हलाल बिर्याणी, कडेला बसलेल्या आजींनी चांद्रमासाची पहिली किंवा पंधरावी तिथी म्हणून बौद्ध शाकाहारी शेवया घेतलेल्या, आणि चौथ्या ताटात डोसा. कोणी कोणाला आपला नियम मोडायला सांगत नाही. जेवण झाल्यावर ताटं परत ठेवायची तीही हलालची वेगळ्या मांडणीवर आणि बाकीची वेगळ्या. प्रत्येकाचं पथ्य, प्रत्येकाची श्रद्धा जपून माणसं एकत्र जेवतात.

आपल्या पंगतीत सगळ्यांच्या पानात एकच जेवण असतं, पण त्या पंगतीला कोणी बसायचं यावरून आपण किती पिढ्या माणसांना उंबऱ्याबाहेर ठेवलं! समाजसुधारकांना सहभोजनं मुद्दाम घडवून आणावी लागली. म्हणून मला ते चार ताटांचं टेबल फार मोलाचं वाटतं. २०२० च्या डिसेंबरमध्ये युनेस्कोने सिंगापूरच्या हॉकर संस्कृतीला मानवतेच्या अमूर्त वारशात स्थान दिलं, तेव्हा नुसत्या पाककृतींना नाही, तर या एकत्र जेवण्यालाही मान मिळाला.

गाळ्यावरच्या माणसाला तिथे 'अंकल' म्हणतात, बाई असतील तर 'आंटी'. मंत्री आला तरी रांगेत उभा राहून अंकललाच सांगतो, तिखट जरा जास्त घाला. २०१६ मध्ये अशा दोन गाळ्यांना, उत्तम रेस्टॉरंटांना दिला जाणारा मिशेलिनचा तारा मिळाला. त्यातल्या चान होन मेंग यांच्या गाळ्यावर सोया सॉसमध्ये शिजवलेल्या कोंबडीचं ताट तेव्हा दोन-अडीच सिंगापुरी डॉलरला मिळत होतं. जगभर त्याचं कौतुक झालं. पण त्या कौतुकातही मला एक टोचणी लागते. हे अन्न स्वस्त आहे, कारण कोणी तरी पहाटेपासून रस्सा उकळत त्या उष्ण गाळ्यात उभं आहे. आज हे अंकल-आंटी सरासरी साठीच्या घरात आहेत. मुलं शिकली, वातानुकूलित कचेरीत गेली, आणि आईबापांनाही तेच हवं होतं. लोक हॉटेलात पन्नास डॉलर सहज देतात, पण गाळ्यावर पन्नास सेंट वाढले की नाराज होतात. त्या हातांचं मोल वाढल्याशिवाय तिथे नवी माणसं येणार नाहीत.

आपल्याकडची कितीतरी कुटुंबं सिंगापूरला सहलीला जातात. जेवायला वरणभात, पोळीभाजी मिळेल अशी सोय केलेली असते. बरोबर वडीलधारी मंडळी असतात, उपासतापास असतात. ती सोय हवीच. पण एक सकाळ हॉकर सेंटरसाठी राखून ठेवा. शाकाहारी असाल तर लिटल इंडियातलं टेक्का सेंटर सोपं पडेल. टेबलावर कागदी रुमालांचं पाकीट ठेवलेलं दिसलं तर ती जागा कोणी तरी धरून ठेवलेली आहे असं समजा. कोपी मागा, कापडी गाळणीतून गाळलेली, आटवलेलं गोड दूध घातलेली ती कॉफी असते. जेवल्यावर ताट उचलून जागेवर ठेवा. आणि काय घ्यावं कळेनासं झालं, तर रांगेत पुढे असलेल्या माणसाला विचारा. तो आपली आवड सांगेल, दुसरा कोणता गाळा याहून बरा आहे तेही सांगेल, आणि मागचा माणूस त्याचं म्हणणं खोडून काढेल.