झिजावें कोणीं?

झिजण्याची थोरवी आपल्या नीतिविचारांत फार मोठी आहे. चंदनाचें खोड सहाणेवर झिजतें व दुसऱ्यास गंध देतें, हा दृष्टान्त शाळेंतील निबंधापासून सत्कारसमारंभांतील भाषणापर्यंत सर्वत्र चालतो. परंतु ज्या सहाणेवर तें खोड झिजतें ती सहाणही झिजत असते, आणि तिच्या मध्यभागीं पडलेला खळगा पाहून कोणी तिची स्तुति केल्याचें आमच्या ऐकिवांत नाहीं. दोन वस्तू एकमेकींस घांसल्या कीं दोहोंचीही झीज व्हावयाचीच. मग अधिक कोणीं झिजावें व तें कोणीं ठरवावें, हा प्रश्न मात्र आपण क्वचितच विचारतों.

हा प्रश्न स्पष्टपणें पाहावयाचा असेल तर तो एका लहानशा, साध्या डोळ्यांस नीट न दिसणाऱ्या ठिकाणीं पाहावा, असें आम्ही सुचवितों. तें ठिकाण म्हणजे ध्वनिमुद्रिकेची खांच आणि तींत चालणारी सुई यांची गांठ. अलीकडे पुष्कळ घरांतून वाडवडिलांच्या वेळच्या तबकड्या कपाटाबाहेर निघूं लागल्या आहेत. माळ्यावरचें टर्नटेबल झाडूनपुसून दुरुस्त करण्यांत येतें, आणि मग त्यास कोणतें कार्ट्रिज बसवावें व त्या कार्ट्रिजला कोणती सुई असावी, अशी विचारणा सुरू होते. ज्यांस या वस्तूंचा परिचय नसेल त्यांच्यासाठीं एवढें सांगितलें पाहिजे कीं, तबकडीवर झुकणाऱ्या भुजेच्या टोंकाशीं जी लहानशी डबी असते व जी सुईच्या कंपनांचें विजेच्या प्रवाहांत रूपांतर करते, तिला कार्ट्रिज म्हणतात. विचारणाऱ्यास बहुधा एकच उत्तर हवें असतें : सर्वांत उत्तम कोणतें? जाणता कारागीर या प्रश्नास उत्तर देत नाहीं, तो उलट विचारतो, "तुमचें यंत्र कोणतें, आणि तबकड्या कोणत्या?" या उलट प्रश्नांत बराच नीतिविचार सांठविलेला आहे.

प्रथम जुनी व्यवस्था पाहूं. १९०२ सालीं फ्रेडरिक गैसबर्ग कलकत्त्यास आला आणि हिंदुस्थानांतील गाणें तबकड्यांवर उतरूं लागलें. मिनिटास सुमारें ७८ फेरे घेणारी ती तबकडी लाखेची असे असें आपण म्हणतों. परंतु तिच्यांत लाखेपेक्षां दगडाची बारीक भुकटीच अधिक असे, व लाख ती भुकटी धरून ठेवण्याचें काम करी. ही भुकटी केवळ स्वस्ताईसाठीं घातलेली नव्हती. पोलादी सुईचें टोंक प्रत्येक तबकडीच्या खांचेस अचूक बसेल असें घडविणें शक्य नव्हतें; तेव्हां तबकडीच कानशीसारखी खरखरीत ठेवीत. सुई टेकली कीं पहिल्या कांहीं फेऱ्यांतच तिचें टोंक घांसून खांचेच्या आकाराचें होई, आणि पुढें तीन-साडेतीन मिनिटें ती इमानानें चाले. बाजू संपली कीं सुईचें आयुष्य संपलें. दुसऱ्या बाजूस नवी सुई लावावी, असा नियम होता. झिजावें कोणीं, हें या व्यवस्थेंत आधींच ठरलेलें होतें. डबीभर मिळणारी सुई झिजे आणि गवयाचा आवाज राही.

घरोघर ही व्यवस्था मोडली ती दुष्टपणानें नव्हे, काटकसरीनें. चांगली दिसणारी सुई एका बाजूनंतर टाकून द्यावयाची, हें संसारी मनास पटेना. मग एकच सुई चार चार, आठ आठ बाजूंस चालूं लागली. एका खांचेच्या आकाराची झालेली सुई पुढें झिजत गेली म्हणजे तिच्या कडांस धार येते, आणि शंभर ग्रॅमहून अधिक वजनाच्या साउंडबॉक्सखालीं ती छिन्नीचें काम करते. मिरजेच्या अब्दुल करीम खांसाहेबांची एखादी जुनी तबकडी लावावी, आणि स्वर तारसप्तकांत चढतांच त्याच्यावर खरखरीचा पडदा यावा, असा अनुभव ज्यांस आला असेल त्यांनीं सर्व दोष काळाच्या माथीं मारूं नये. त्यांतील पुष्कळसा दोष असल्या काटकसरीचा असतो. खांसाहेब १९३७ सालीं निवर्तले. ती बाजू पुन्हां गाऊन मिळावयाची नाहीं. कवडीमोलाची सुई वांचली आणि गाणें झिजलें.

१९४८ सालीं अमेरिकेंत कोलंबिया कंपनीनें मिनिटास ३३⅓ फेरे घेणारी दीर्घ मुद्रिका काढली, आणि हें नातें उलटें झालें. तबकडी मऊ व्हिनाइलची. सुईचें टोंक नीलमण्याचें, पुढें बहुधा हिऱ्याचें. असलें टोंक तबकडीस घांसून तिच्या मापाचें होत नाहीं. त्याचें माप आधींच जुळलेलें असावें लागतें. ७८ फेऱ्यांच्या तबकडीस टोंकाची त्रिज्या इंचाच्या सुमारें तीन सहस्रांश लागते, एकध्वनी दीर्घ मुद्रिकेस सुमारें एक सहस्रांश, आणि १९५८ पासून प्रचारांत आलेल्या स्टीरिओ मुद्रिकेस त्याहूनही कमी. रुंद खांचेंत बारीक टोंक घातलें तर तें भिंतींचा आधार सोडून तळाशीं लोळतें व तेथील धूळ वाजवितें; अरुंद खांचेंत जाड टोंक घातलें तर तें वरच्या कडांवरच अडून बसतें. आपल्याकडे ७८ फेऱ्यांच्या तबकड्या १९६० नंतरही निघत राहिल्यामुळें एकाच घरांत दोन्ही जाति नांदत, आणि पुष्कळ प्लेअरांना एका खटक्यासरशी उलटणारी दुतोंडी सुई असे. तो खटका फिरविण्याचा विसर पडला कीं दंड तबकडीस होई. यावरून एक गोष्ट ध्यानीं येते. जो झिजून जुळवून घेतो त्याचें अज्ञान फारसें बाधत नाहीं. परंतु जो झिजत नाहीं त्यानें समोरच्यास आधीं जाणून घेतलें पाहिजे. कठीणपणाबरोबर जाणण्याची जबाबदारी येते.

भुजा व कार्ट्रिज यांच्या संबंधांतही हाच न्याय दिसतो. सुईची दांडी रबरासारख्या लवचिक बैठकीवर बसविलेली असते. भुजेचें व कार्ट्रिजचें वजन आणि या बैठकीची लवचिकता मिळून जणूं एक झोंका तयार होतो, व त्याला स्वतःची अशी एक लय असते. ही लय सेकंदास ८ ते १२ आंदोलनें असावी, असा जाणत्यांचा दंडक आहे. ती फार मंद झाली तर किंचित् वांकलेल्या तबकडीचा प्रत्येक चढउतार भुजेस नाचवितो. फार जलद झाली तर ती संगीताच्या खर्जाशीं लुडबूड करूं लागते. इंग्लंडांतील गॅरार्ड कंपनीचें ३०१ हें १९५० नंतरच्या दशकांतील नामांकित टर्नटेबल. त्याच्या काळच्या पुष्कळ भुजा जड असत, आणि त्याच दशकाच्या अखेरीस निघालेलें डेन्मार्कच्या ऑर्टोफोन कंपनीचें एसपीयू हें कार्ट्रिजही त्यांच्याच जातीचें होतें : वजनदार, ताठ बैठकीचें, तीन-चार ग्रॅम भार मागणारें. पुढें अमेरिकेच्या शुअर कंपनीनें व्ही-१५ या मालिकेंत अत्यंत लवचिक बैठकीचीं, एक ग्रॅमच्या आसपास भारावर चालणारीं कार्ट्रिजें काढलीं. कागदावर दुसरें पहिल्याहून सरस वाटेल. परंतु तसलें लवचिक कार्ट्रिज हलक्या भुजेंत असतांना झोंक्याची लय ९ च्या घरांत असेल, तर एकंदर हलणारें वजन १३ ग्रॅमचें २६ ग्रॅम होतांच ती ६ च्या घरांत येते, आणि तबकडीच्या वांकाशीं तिची गांठ पडते. उलट एसपीयू नाजूक भुजेवर चढविलें तर त्या भुजेस तें पेलतच नाहीं. दोन्ही वस्तू उत्तम. जोडी मात्र वाईट.

यावर कोणी म्हणेल, तर मग चांगलें-वाईट असें कांहीं उरलेंच नाहीं, ज्याचें त्याला योग्य म्हणजे झालें! आमचें म्हणणें तसें नाहीं. झिजून धार आलेली सुई कोणत्याही भुजेंत वाईटच. गुण संबंधांत प्रकट होतो, एवढेंच आम्ही म्हणतों. संबंध जुळला म्हणजे दोष गुण होतो, असें म्हणत नाहीं.

नवशिक्या हौशी मनुष्याच्या हातून होणारी आणखी एक चूक येथें सांगण्यासारखी आहे, कारण तिच्या मुळाशीं दया असते. तबकडी झिजूं नये म्हणून तो सुईवरील भार कमी कमी करीत जातो. कार्ट्रिजच्या कर्त्यानें दीड ते दोन ग्रॅम सांगितला असतां हा एक ग्रॅमवर येतो. परिणाम उलटा होतो. गाण्याच्या जोरकस जागीं सुई भिंतीचा आधार सोडून उडते व पुन्हां आदळते; आणि योग्य भारानें शांतपणें चालणारी सुई जें नुकसान करीत नाहीं तें ही हलकी सुई करते. मुलाला रागावण्याचें टाळीत राहणारा आणि मग एकदम हात उगारणारा पालक आपण पाहतों. ज्या स्पर्शांत निश्चय नाहीं तो कोमल असतोच असें नाहीं.

अनुरूपतेच्या या गोष्टी ऐकून आमच्या वाचकांस एव्हांना पत्रिका जुळविण्याची आठवण झाली असेल. छत्तीसांपैकीं किती गुण जमले याची मोजदाद आपल्या घरांतून पिढ्यान् पिढ्या चालत आली. परंतु ही मोजदाद संपल्यावर जुळवून घेण्याचें काम बहुतेक वेळां एकाच बाजूकडे सोंपविण्यांत येई. "सांभाळून घे" हा उपदेश सासरीं जाणाऱ्या मुलीस होई. घरांतील विधवा आत्यास, आश्रयास आलेल्या गरीब भाच्यासही होई. जो कमी बलवान् त्यानें झिजावें, आणि त्या झिजण्यास आपण चंदनाचें नांव द्यावें, अशी ही सोय होती. पोलादी सुईचा न्याय आपण नकळत माणसांस लावीत होतों. तो न्याय सुईच्या बाबतींत योग्य होता याचें कारण सुई दुबळी होती हें नव्हे. दुसरी सुई मिळत होती, हें होय. ज्याच्या जागीं तसेंच दुसरें आणतां येतें त्यानें, ज्याच्या जागीं दुसरें आणतां येत नाहीं त्याच्यासाठीं झिजावें, हा नियम वस्तूंच्या जगांत न्याय्य आहे. माणसांच्या जगांत तो लागूच पडत नाहीं, कारण तेथें दुसरी सुई नाहीं. आत्या गेली तर ती आत्या पुन्हां मिळत नाहीं. म्हणून माणसांच्या मेळांत एकानें झिजून दुसऱ्याच्या आकाराचें होणें हा उपाय नसून, दोघांनीं एकमेकांचें माप आधीं जाणून घेणें हाच उपाय उरतो.

वस्तूंकडे परत वळूं. जुनें यंत्र हातीं आलेल्या मनुष्यापुढें या नियमानें दोन प्रश्न सुटतात. पहिला, यंत्रांत बदल करावा कीं नाहीं? जुन्या पुष्कळ प्लेअरांत सिरॅमिक कार्ट्रिज असे. त्याचा विद्युत्-दाब इतका पुरेसा असे कीं तें साध्या ॲम्प्लिफायरवर वाजे. आजचें चुंबकीय कार्ट्रिज हजारांश व्होल्टाच्या हिशेबांत बोलतें, व त्यास मध्यें निराळा फोनो-प्रवर्धक लागतो. तो बाहेरून जोडावा. यंत्राच्या पोटांत कापाकापी करूं नये. उद्यां पूर्ववत् करतां येईल तेवढेंच आज बदलावें, आणि काढलेला प्रत्येक भाग डबींत जपून ठेवावा. कार्ट्रिज तरी नेहमीं पुन्हां मिळेल असें गृहीत धरण्याचें कारण नाहीं. शुअर कंपनीनें त्यांचें उत्पादन २०१८ सालीं बंद केलें.

दुसरा प्रश्न अधिक कठीण : दुर्मिळ तबकडी वाजवावी कीं न वाजवितां जपावी? वाजविण्यानें ती थोडी तरी झिजते; न वाजविली तर ती मुकी राहते, आणि मुकी तबकडी म्हणजे लाखेची थाळी. संग्रहालयांतील तज्ज्ञ येथें एक सुंदर युक्ति योजतात. मागील पिढ्यांच्या सुयांनीं खांचेची भिंत एका विशिष्ट उंचीवर झिजविलेली असते. तिच्या वर किंवा खालीं न दुखावलेला भाग बहुधा शिल्लक असतो. तज्ज्ञ निरनिराळ्या मापांचीं टोंकें लावून पाहतात, आणि जें त्या अक्षत भागास स्पर्श करतें तें निवडतात. मग जी तबकडी निकामी म्हणून बाजूस पडली होती तिच्यांतून पुष्कळदां स्वच्छ स्वर निघतो. अमेरिकेंत बर्कले येथें कार्ल हाबर व त्यांचे सहकारी यांनीं या शतकाच्या आरंभीं याच्याही पुढें जाऊन, खांचेचें सूक्ष्म चित्र घेऊन स्पर्शावांचून आवाज परत मिळविण्याची पद्धति सिद्ध केली. असें साधन घरोघर येणें नाहीं. गृहस्थानें एवढें करावें : तबकडी धुवून, योग्य मापाच्या चांगल्या सुईनें एकदां नीट वाजवावी, त्या वेळीं तिची नक्कल उतरून घ्यावी, आणि नित्याच्या श्रवणास ती नक्कल वापरावी. मूळ तबकडी सणावारीं, चार माणसें एकत्र बसलीं असतां वाजली तर तिचा अपमान होत नाहीं; ती त्यासाठींच केलेली आहे.

राहतां राहिली काटकसर. हिऱ्याच्या टोंकाचें आयुष्य साधारणपणें ५०० ते १००० तास धरतात. रोज एक तास गाणें ऐकणाऱ्याच्या घरीं दोन-तीन वर्षांत तें संपतें, आणि संपल्याची कोणतीही खूण डोळ्यांस दिसत नाहीं. कानास दिसते तेव्हां बहुधा उशीर झालेला असतो. याकरितां, ज्याच्या हातीं वारशानें तबकड्यांची पेटी आली असेल त्यानें यंत्राच्या लांकडास पॉलिश करण्यापूर्वीं, नवा ॲम्प्लिफायर घेण्यापूर्वीं आणि अर्थातच पहिली तबकडी लावण्यापूर्वीं, त्या यंत्रास व त्या तबकडीस योग्य अशी नवी सुई आणावी. आणि जुनी कितीही चांगली दिसत असली तरी ती पुन्हां लावूं नये.