जॅकवरची गाडी आणि प्रमादाचा प्रश्न

निष्काळजीपणे केलेल्या कृतीतून कोणालाच इजा झाली नाही, तरी त्या कृतीला दोष लागतो का, हा नीतिविचारातला जुना प्रश्न आहे. घराच्या अंगणात पिकअप गाडी जॅकवर उचलून तिच्याखाली शिरणे, या साध्या कामात तो अगदी उघडा दिसतो. पिकअप रिकामी असली तरी दीड टनाच्या पुढे भरते. काम नेहमीचेच असते: पंक्चर चाक बदलणे, ब्रेक पाहणे, पाट्याचा बोल्ट आवळणे. कारखान्यात हटकायला देखरेखीचा माणूस असतो. अंगणात काम करणारा आणि हटकणारा एकच, आणि म्हणून सारा भार त्याच्या स्वतःच्या विचारावर येतो.

हायड्रॉलिक जॅक तेलाच्या दाबावर चालतो. वर गेलेल्या गाडीचे वजन त्या दाबावर, आणि तो दाब शेवटी एका सीलवर टिकून असतो. सील झिजते, कडक होते, तेल झिरपते आणि जॅक हळूहळू किंवा एकदम खाली बसतो. म्हणून जॅक उचलण्यापुरता, आणि उचललेले वजन धरून ठेवण्यासाठी लोखंडी स्टँड, अशी कामाची वाटणी आहे. तरीही अनेक जण नुसत्या जॅकवरच्या गाडीखाली शिरतात. ‘आजवर कधी सुटला नाही’ हे त्यांचे कारण असते. चार्वाकांनी अनुमानावर घेतलेला आक्षेप इथे तंतोतंत लागू पडतो: पाहिलेली उदाहरणे कितीही असोत, न पाहिलेल्या उदाहरणाची हमी त्यांतून मिळत नाही. डेव्हिड ह्यूमनेही 1748 मध्ये प्रसिद्ध झालेल्या ग्रंथात हीच अडचण मांडली.

नैयायिकांनी, म्हणजे न्यायदर्शनाच्या विचारवंतांनी, मात्र अनुमान सोडून दिले नाही. त्यांनी ते तपासण्याची रीत दिली, आणि त्या रीतीतली ‘उपाधी’ ही कल्पना गाडीखाली जाणाऱ्याच्या फार उपयोगाची आहे. जिथे अग्नी तिथे धूर, हे अनुमान वरवर पटते. पण तापलेल्या लोखंडाच्या गोळ्यात अग्नी असूनही धूर नसतो. धूर निघण्यासाठी ओले सरपण लागते. ही न सांगितलेली अट म्हणजे उपाधी. ‘हँडब्रेक ओढला आहे, म्हणून गाडी हलणार नाही’ या विधानातही अशीच अट लपलेली आहे. बहुतेक पिकअपचा हँडब्रेक मागच्या चाकांवर चालतो. मागची दोन्ही चाके जमिनीवरून उचलली की ब्रेक चाकांना धरून राहतो खरा, पण गाडीला धरून ठेवायला जमिनीवर काही उरत नाही. पुढची चाके मोकळीच असतात. मागच्या चाकांना ओढ देणारी गाडी नुसत्या गिअरमध्ये ठेवली तरी तसेच. मागचे एक चाक हवेत गेले की डिफरन्शियलमुळे दुसरे फिरू शकते आणि गाडी सरकते. म्हणून जमिनीवर राहिलेल्या चाकांना दोन्ही बाजूंनी दगड किंवा लाकडी पाचर लावणे ही उपाधी ओळखण्याची कृती आहे. ‘विटा एवढे घर पेलतात, गाडी पेलणार नाहीत का’ या युक्तिवादाचेही असेच होते. भिंतीत वजन सारखे वाटले जाते. गाडीचा ऍक्सल विटेच्या एका ठिकाणी टेकतो, आणि वीट किंवा सिमेंटचा पोकळ ठोकळा वाकून इशारा देत नाही, थेट फुटतो. जमीन घट्ट आणि सपाट असणे ही आणखी एक उपाधी. पावसाळ्यातल्या काळ्या मातीत जॅकचा तळ रुतायला वेळ लागत नाही.

पण शंका कुठे थांबवायची? दहाव्या शतकाच्या सुमाराचे नैयायिक उदयनाचार्य यांनी ‘न्यायकुसुमांजली’त दिलेले उत्तर असे, की शंकेची मर्यादा माणसाच्या स्वतःच्या कृतीशी येणाऱ्या विरोधात आहे. धूर हवा म्हणून जो न चुकता आग पेटवतो, त्याने त्या दोहोंच्या संबंधावर शंका घेणे हे त्याच्याच वागण्याला खोटे पाडते. हा विचार उलटही वापरता येतो. स्टँडवर ठेवलेल्या गाडीला खाली कोणी नसताना जोराने ढकलून पाहावे, हा नियम आहे. जो ढकलायला कचरतो आणि तरीही खाली झोपायला तयार होतो, त्याचा भरवसा त्याच्याच कृतीने खोटा ठरलेला असतो. ढकलून गाडी हलली नाही, तर शंका थांबवायला आधार मिळतो.

इंग्लंडचा गणिती विल्यम क्लिफर्ड याने 1877 मध्ये एका जहाजमालकाचे उदाहरण दिले. जहाज जुने आहे, डागडुजी हवी, ही शंका तो मनातून पुसून टाकतो आणि प्रवाशांना समुद्रावर पाठवतो. क्लिफर्डच्या मते जहाज सुखरूप पोचले तरी मालक तेवढाच दोषी, कारण तो विश्वास बाळगण्याचा अधिकार त्याने कमावलेला नव्हता. विल्यम जेम्सने 1896 मध्ये याला उत्तर दिले: पुराव्याने निर्णय होत नाही अशा काही प्रसंगी विश्वास ठेवणे योग्य असते, आणि कधी कधी विश्वासामुळेच गोष्ट खरी होते. मैत्रीत हे होते. सीलच्या बाबतीत होत नाही; खाली झोपलेल्याच्या श्रद्धेने तेलाचा दाब टिकत नाही. शिवाय इथे पुरावा हाताशी असतो, फक्त वाकून पाहायचे असते. त्यामुळे या कामात क्लिफर्डचे म्हणणेच मान्य करावे लागते.

जैन परंपरेने हा निर्णय शतकानुशतके आधी दिला होता. कुंदकुंदाचार्यांच्या ‘प्रवचनसारा’त म्हटले आहे, की जीव मरो वा जगो, बेसावध वागणाऱ्याला हिंसा लागतेच, दक्ष राहणाऱ्याला केवळ घडलेल्या हिंसेने कर्माचा बंध होत नाही. साधूंच्या पाच समितींपैकी, म्हणजे सावध आचरणाच्या नियमांपैकी, एक तर वस्तू उचलणे आणि ठेवणे यांतल्या सावधपणाचीच आहे. एवढ्या साध्या हालचालीला व्रताचा दर्जा देणारी दृष्टी आजच्या वर्कशॉपलाही हवी आहे. कायद्याचा कल मात्र परिणामाकडे अधिक आहे. भारतीय न्याय संहितेनुसार निष्काळजीपणे दुसऱ्याचा जीव धोक्यात घातला, पण इजा झाली नाही, तर कमाल शिक्षा तीन महिने कैद. त्याच निष्काळजीपणातून मृत्यू झाला तर पाच वर्षांपर्यंत. मनातला दोष तोच, फरक नशिबाचा. बर्नार्ड विल्यम्स आणि थॉमस नेगेल यांनी 1976 मध्ये याच विसंगतीवर बोट ठेवले. कायद्याला परिणाम मोजावा लागतो. ज्याने त्याने स्वतःला विचारताना ती सवलत घेऊ नये.

दैवाचा आधारही इथे पुरत नाही. खंडेनवमीला अवजारांची आणि दसऱ्याला गाडीची पूजा महाराष्ट्रात घरोघर होते. ज्यावर पोट आणि जीव अवलंबून आहे, त्याचा तो मान आहे. जॅकचे सील पाहणे, नट चाक जमिनीवर असतानाच सैल करणे, हौदा आणि केबिन रिकामी करणे, जॅक चेसिसच्या किंवा ऍक्सलच्या नेमून दिलेल्या जागीच लावणे, हे त्याच मानाचे रोजचे रूप मानायला हवे.

ज्याच्याकडे वजनाला पुरेसे जॅक स्टँड नाहीत, त्याने त्या दिवशी गाडीखाली जाऊ नये, मेकॅनिकला बोलवावे.