गोळी हरली म्हणून कल्पना हरली का?

एखादे औषध निष्फळ ठरले की ज्या कल्पनेतून ते निघाले तीही खोटी, असे आपण चटकन मानतो. अमेरिकेतल्या सॅन दिएगोचे संशोधक डॅनियल स्टाइनबर्ग यांच्या कामाबाबत हेच झाले, आणि माझ्या मते तो निवाडा घाईचा होता. 1970च्या दशकात मायकेल ब्राउन आणि जोसेफ गोल्डस्टीन यांनी पेशींवरचा एलडीएल ग्राही शोधला. रक्तातले बरेचसे कोलेस्टेरॉल वाहून नेणारे एलडीएल कण याच ग्राहीतून पेशीत शिरतात. पण त्यातून एक कोडे उभे राहिले. ज्यांच्यात हा ग्राही जन्मतःच जवळजवळ नसतो, त्यांच्या धमन्यांच्या भिंतीत तर कोलेस्टेरॉलने फुगलेल्या भक्षक पेशी लहान वयातच साचतात. दारच नाही, तर माल आत गेला कसा? काचपात्रात भक्षक पेशींना साधे एलडीएल भरपूर दिले तरी त्या फुगत नव्हत्या. म्हणजे धमनीत पोहोचल्यावर या कणाचे काहीतरी बदलत असले पाहिजे.

स्टाइनबर्ग यांच्या गटाने 1981 मध्ये हा बदल पकडला. रक्तवाहिनीच्या अस्तरातल्या पेशी काचपात्रात वाढवून त्यांच्या सान्निध्यात एलडीएल ठेवले. मग तेच एलडीएल भक्षक पेशींना दिल्यावर त्या ते कितीतरी पट वेगाने गिळू लागल्या. 1984 मध्ये गटाने कारण सांगितले : कणातल्या मेदाम्लांचे ऑक्सिडीभवन. पात्रात ई जीवनसत्त्व टाकले की हा बदल थांबे. 1987 मध्ये आणखी भक्कम पुरावा आला. आनुवंशिक उच्च कोलेस्टेरॉलच्या सशांना प्रोब्युकोल हे अँटिऑक्सिडंट, म्हणजे ऑक्सिडीभवन रोखणारे, औषध दिले, तेव्हा लोव्हास्टॅटिनने तेवढेच कोलेस्टेरॉल उतरवलेल्या सशांपेक्षाही त्यांच्या धमन्या स्वच्छ राहिल्या. म्हणजे फायदा निव्वळ कोलेस्टेरॉल उतरल्याचा नव्हता.

इथवर पावले जपून पडली होती. पुढची उडी मात्र मोठी होती : काचपात्र आणि सशांवरून थेट माणसांवर. 1993 मध्ये 87 हजारांहून अधिक अमेरिकी परिचारिकांच्या अभ्यासात, सर्वाधिक ई जीवनसत्त्व घेणाऱ्या गटात हृदयविकाराचा धोका सुमारे एक तृतीयांशाने कमी दिसला. पण अशा गोळ्या आवर्जून घेणारी व्यक्ती बहुधा व्यायाम, आहार, तपासण्या यांतही दक्ष असते. आकडेमोडीने हा फरक पुरता धुऊन निघत नाही. तो धुतला जातो चिठ्ठ्या टाकून केलेल्या चाचणीत. भारतात जन्मलेले सलीम युसुफ यांच्या नेतृत्वाखालच्या ‘होप’ चाचणीत साडेनऊ हजार लोकांनी सरासरी साडेचार वर्षे गोळ्या घेतल्या. हृदयविकाराचा झटका, पक्षाघात किंवा हृदयरोगाने मृत्यू यांचे प्रमाण ई जीवनसत्त्वाच्या गटात 16.2 टक्के, तर नुसत्या दिखाऊ गोळीच्या गटात 15.5 टक्के निघाले. 2002 मध्ये ब्रिटनमधल्या 20,536 जणांच्या चाचणीतही अँटिऑक्सिडंट जीवनसत्त्वे निष्प्रभ ठरली. त्याच चाचणीतल्या, एलडीएल कमी करणाऱ्या सिम्व्हास्टॅटिन या स्टॅटिनने मात्र झटके आणि पक्षाघातासारख्या मोठ्या घटना सुमारे एक चतुर्थांशाने घटवल्या.

मग ऑक्सिडीभवनाची कल्पनाच मोडीत काढायची का? तसे म्हणता येत नाही. धमनीच्या भिंतीत ऑक्सिडीभवन अनेक वाटांनी होते, आणि ई जीवनसत्त्व त्यांतल्या काहीच अडवते. शिवाय या चाचण्यांतल्या लोकांचा आजार दशकानुदशके मुरलेला होता. गोळीने भिंतीतले ऑक्सिडीभवन खरोखर थांबले का, हे मोजलेच गेले नव्हते. यावर रास्त आक्षेप असा : प्रत्येक अपयशाला अशी सबब मिळत गेली तर ती कल्पना कधीच खोटी ठरणार नाही. आक्षेप मला मान्य आहे. म्हणूनच सबबींपेक्षा नेमका प्रयोग हवा. 2018 मध्ये स्टाइनबर्ग यांचे सहकारी जोसेफ विट्झटम यांच्या गटाने, ऑक्सिडीभूत फॉस्फोलिपिडांना (एलडीएल कणातल्या मेदरेणूंना) बांधून ठेवणारे प्रतिपिंड उंदरांच्या शरीरातच तयार होतील अशी सोय केली, आणि त्यांच्या धमन्यांतला आजार कमी झाला. कल्पना जिवंत आहे याचा हा पुरावा आहे, ती माणसात उपयोगी पडते याचा नव्हे. माणसात सिद्ध झाले आहे ते एलडीएल कमी करणे. तेव्हा डॉक्टरांनी स्टॅटिन लिहून दिले असेल, तर ते सोडून ई जीवनसत्त्वाच्या कॅप्सूलवर विसंबू नका.