कलंकित खेळाडूंची चित्रे



ज्या खेळाडूच्या नावाला काळिमा लागला आहे, त्याची छापील चित्रे एखाद्या ख्रिस्ती माणसाने हौसेने जतन करून ठेवावीत काय? हा प्रश्न वाचून आपल्यापैकी काहींना हसू येईल. मंडळ्यांपुढे इतके मोठे प्रश्न उभे असताना पत्त्याएवढ्या पुठ्ठ्याच्या तुकड्यांचा विचार कशाला, असेही कोणी म्हणेल. परंतु आपले धन जेथे असते तेथे आपले मनही असते, ही शिकवण देताना प्रभूने धनाचे आकारमान सांगितलेले नाही. मुलाच्या दप्तरातील चार चित्रेही त्यात येतात, आणि चाळिशी ओलांडलेल्या माणसाने कपाटाच्या वरच्या फळीवर ठेवलेला पत्र्याचा डबाही येतो.

हा प्रश्न आम्हांला सुचला तो सिहोऱ्यातील एका घरी. जबलपूरहून कटनीकडे जाणाऱ्या लोहमार्गावर सिहोरा हे तहसिलीचे गाव आहे. तेथील आमच्या परिचयाच्या एका मराठी ख्रिस्ती कुटुंबात असा डबा आहे. गृहस्थांनी शाळकरी वयात जमवलेली क्रिकेटपटूंची चित्रे त्यात आहेत. त्यांच्या मुलीने एकदा ती चाळता चाळता विचारले, "बाबा, यानेच पैसे घेतले होते ना? मग याला तुम्ही अजून का ठेवलंय?" बाबांनी चित्र हातात घेतले, उलटून पाहिले आणि पुन्हा डब्यात ठेवले. उत्तर काही त्यांना देता आले नाही. ते चित्र हॅन्सी क्रोनिएचे होते.

नव्या वाचकांसाठी थोडे सांगावयास हवे. आपल्या देशात अमेरिकेसारखा अशा कार्डांचा मोठा बाजार त्या काळी नव्हता. परंतु 'बिग फन' नावाच्या बबलगमबरोबर क्रिकेटपटूंची चित्रे मिळत, त्यांवर धावा व बळी छापलेले असत, आणि पुरेशा धावा जमल्या की बक्षीस मिळे. गोळी चघळण्यापेक्षा वेष्टन उघडण्याचीच घाई मुलांना अधिक असे. एकाच खेळाडूची दोन चित्रे आली तर मधल्या सुट्टीत अदलाबदल होई. 'स्पोर्टस्टार'मधील मोठी चित्रे भिंतीवर लागत. ख्रिस्ती घरांत तर पुष्कळदा वचनांच्या दिनदर्शिकेच्या शेजारीच. त्या दोहोंपैकी मुलाची नजर दिवसातून किती वेळा कोणाकडे जात असे, हे त्या घरच्या आईला ठाऊक होते.

आता क्रोनिएविषयी. दक्षिण आफ्रिकेचा हा कर्णधार आपल्या मंडळ्यांतील तरुणांना विशेष प्रिय होता, त्याचे कारण केवळ त्याचा खेळ नव्हे. तो उघडपणे आपला ख्रिस्ती विश्वास सांगत असे. येशू माझ्या जागी असता तर काय करता, असा प्रश्न सुचविणारी अक्षरे असलेला पट्टा तो मनगटावर बांधीत असे. तरुणसंघाच्या सभांतून दाखला देण्यासारखा हा माणूस होता. २००० सालच्या प्रारंभी त्याच्या संघाने भारतात येऊन कसोटी मालिका २-० अशी जिंकली. त्याच वर्षी ७ एप्रिल रोजी दिल्ली पोलिसांनी त्याच्यावर सट्टेबाजांशी संगनमत केल्याचा आरोप ठेवला. प्रथम त्याने सर्व नाकारले. चारच दिवसांनी, ११ एप्रिलच्या पहाटे, आपल्या क्रिकेट मंडळाच्या प्रमुखांना दूरध्वनी करून आपण प्रामाणिक राहिलो नाही, अशी कबुली त्याने दिली. त्याच वर्षी त्याच्यावर आजन्म बंदी आली. १ जून २००२ रोजी जॉर्ज या गावाजवळील डोंगरात मालवाहू विमान कोसळून तो मरण पावला. तेव्हा तो बत्तीस वर्षांचा होता.

या प्रकरणातील एक दिवस आपल्या अगदी जवळचा आहे. सिहोऱ्यावरून जबलपूर, शिवनी असा दक्षिणेकडे जाणारा जुना महामार्ग नागपूरला पोहोचतो. त्या नागपुरात १९ मार्च २००० रोजी भारत आणि दक्षिण आफ्रिका यांचा एकदिवसीय सामना झाला. सामन्यापूर्वी क्रोनिएने आपल्या संघातील दोघांपुढे प्रत्येकी पंधरा हजार डॉलरांचे आमिष ठेवले. हर्शेल गिब्जने वीसहून कमी धावा कराव्यात आणि हेन्री विल्यम्सने आपल्या दहा षटकांत पन्नासहून अधिक धावा द्याव्यात, असा तो सौदा होता. दोघांनीही मान डोलावली. प्रत्यक्षात गिब्जने चौऱ्याहत्तर धावा काढल्या, आणि विल्यम्सचा खांदा अकरा चेंडूंनंतर दुखावल्याने तो पुढे गोलंदाजीच करू शकला नाही. पैसे कोणालाच मिळाले नाहीत, तरी दोघांवर सहा महिन्यांची बंदी आली. हे दोघेही गौरेतर समाजातील होते. वर्णद्वेषी राजवट संपून जेमतेम सहा वर्षे झाली होती, संघात त्यांचे पाय अजून घट्ट रोवले गेले नव्हते, आणि सर्वांच्या आदराला पात्र असलेला गोरा कर्णधार खोलीत येऊन हे विचारीत होता. नाही म्हणणे त्यांच्यासाठी किती कठीण होते, याचा विचार वाचकांनी करावा. आमच्या मते क्रोनिएने स्वतः घेतलेल्या पैशांपेक्षा आणि चामड्याच्या जाकिटापेक्षा त्याचे हे कृत्य अधिक गंभीर आहे. लहानांना अडखळविणाऱ्याविषयी प्रभूने जाते आणि समुद्र यांचा जो उल्लेख केला, तो येथे आठवल्यावाचून राहत नाही.

चौकशी आयोगापुढे क्रोनिए म्हणाला की, दुर्बलतेच्या क्षणी आपण सैतानाला आपल्यावर सत्ता चालवू दिली. हे ऐकून पुष्कळ ख्रिस्ती जनांचे डोळे पाणावले. आम्हांला मात्र ते शब्द खटकतात. सर्पाकडे बोट दाखविण्याची रीत एदेन बागेइतकीच जुनी आहे. नाथान संदेष्टा समोर उभा राहिला तेव्हा दाविदाने सैतानाचे नाव काढले नाही. पाप मी केले, एवढेच तो म्हणाला. पण हेही खरे की, पहाटेचा तो दूरध्वनी क्रोनिएने स्वतः केला. त्याचा पश्चात्ताप कितपत खोल होता, याचा निवाडा करण्याचा अधिकार आपल्याला नाही. आपल्यापुढे आहे ते चित्र, आणि त्याचे काय करावयाचे हे आपणच ठरवावयाचे आहे.

काही सज्जन म्हणतात, कला वेगळी आणि चारित्र्य वेगळे. आम्ही फटक्याचे कौतुक करतो, माणसाचे नाही. यात तथ्य नाही असे नाही. शलमोनाचे मन उतारवयात बहकले म्हणून मंदिराची गंधसरूची तुळई वाकडी झाली नाही. एखादा खेळाडू घरी वाईट वागला असेल तर त्याच्या धावा खोट्या ठरत नाहीत. परंतु सामना विकणाऱ्याची गोष्ट निराळी. त्याने ज्या वस्तूचा सौदा केला, तीच वस्तू चित्राच्या मागच्या बाजूस आकड्यांत छापलेली असते. तेथे कला आणि चारित्र्य यांच्यामध्ये रेघ ओढता येत नाही.

दुसरा पक्ष म्हणतो, जाळून टाका. इफिसच्या विश्वासणाऱ्यांनी जादूटोण्याची पुस्तके जाळली, त्यांची किंमत पन्नास हजार रुपयांची नाणी भरली, असा दाखला ते देतात. दाखला खरा आहे. पण ती पुस्तके जाळणाऱ्यांना स्वतःला बांधून ठेवणारी होती. ज्याने क्रोनिएचे चित्र जाळले आणि त्याच खिळ्याला त्याच दिवशी दुसऱ्या खेळाडूचे अडकवले, त्याने नेमके काय जाळले? २००७ साली क्रिस बेन्वा या व्यावसायिक मल्लाने पत्नीचा व लहान मुलाचा जीव घेऊन आत्महत्या केली, तेव्हा त्याच्या कंपनीने त्याचे नावच आपल्या कार्यक्रमांतून पुसून टाकले. कंपनीची अडचण समजण्याजोगी आहे. परंतु त्या पुसण्याने मेलेल्या माउलीला व मुलाला काय मिळाले? त्यांची आठवणही त्याबरोबर पुसली गेली.

जाळण्याची घाई करणाऱ्यांनी मोहम्मद अझरुद्दीनचे प्रकरणही लक्षात ठेवावे. आपल्या पहिल्या तीन कसोटी सामन्यांत तीन शतके काढणारा हा फलंदाज. मार्च २००० मध्ये बंगळूरला त्याने आणखी एक शतक केले, आणि तो त्याचा नव्व्याण्णवावा व अखेरचा कसोटी सामना ठरला. डिसेंबर २००० मध्ये मंडळाने त्याच्यावर आजन्म बंदी घातली. सिहोऱ्याच्या त्याच डब्यात अझरचे एक चित्र आहे, त्यावर त्या काळी पेनाने काट मारलेली आहे. नोव्हेंबर २०१२ मध्ये आंध्र प्रदेश उच्च न्यायालयाने ती बंदी बेकायदा ठरविली. अजय जडेजावरील पाच वर्षांची बंदी तर दिल्ली उच्च न्यायालयाने २००३ मध्येच रद्द केली होती. बंदी रद्द होणे म्हणजे संशयाचा प्रत्येक धागा उलगडला असे नव्हे; पण पेनाची ती काट आता पुसता येत नाही. शेजाऱ्याविरुद्ध खोटी साक्ष देऊ नको, ही आज्ञा पुठ्ठ्यावरील शेजाऱ्यालाही लागू आहे, असे आम्हांस वाटते. कबूल केलेले, सिद्ध झालेले आणि नुसते आरोपिलेले यांत भेद केलाच पाहिजे.

तर मग मार्ग कोणता? मत्तयाच्या शुभवर्तमानाचे पहिलेच पान आपण पुष्कळदा कंटाळून उलटतो. त्या वंशावळीत दाविदाचे नाव आहे. राजा म्हणून, मानाने आहे. आणि शलमोनाच्या आईचा उल्लेख करताना मत्तय तिचे नाव लिहीत नाही, तर ती उरीयाची पत्नी होती, असे लिहितो. मशीहाचा वंश सांगावयाचा, तर हे प्रकरण झाकता आले असते. झाकले नाही. दाविदाला गाळलेही नाही. ज्याला युद्धाच्या तोंडी देऊन मारले, त्या परक्या हित्ती शिपायाचे नाव मात्र राजाच्या नावाशेजारी कायमचे बसविले. संग्रह कसा राखावा, याचा याहून चांगला धडा आम्हांला ठाऊक नाही. क्रोनिएचे चित्र ठेवावयाचे तर त्याच्या पाठीवर नागपूरची तारीख आणि गिब्ज व विल्यम्स यांची नावे लिहावीत. ते दोघे उरीयासारखे निर्दोष नव्हते, हेही लिहावे. मुलीने विचारले तर तिला सबंध हकीकत सांगता आली पाहिजे.

मात्र एक गोष्ट वेगळी ठेवावी लागते. ज्या खेळाडूने एखाद्या स्त्रीवर किंवा बालकावर अत्याचार केला, त्याचे चित्र पाहून आपल्या घरातील किंवा मंडळीतील एखाद्या जखमी जिवाची खपली निघत असेल, तर तेथे वाद घालू नये. मूर्तीपुढील मांसाविषयी करिंथकरांना लिहिताना पौलाने आपला हक्क सोडला नाही, पण भावासाठी तो वापरायचे नाकारले. चित्र काढून ठेवल्याने संग्राहकाचे काय बुडते?

उरला पैशाचा प्रश्न, आणि आमच्या मते खरी खोच येथेच आहे. जुने चित्र ठेवल्याने त्या खेळाडूला एक पैसाही मिळत नाही. त्या दृष्टीने संग्राहक निर्दोष आहे. परंतु बदनामीमुळे भाव वाढेल म्हणून चित्र जपणारे लोकही असतात. अमेरिकेत पीट रोझ या बेसबॉलपटूवर जुगारापायी १९८९ मध्ये आजन्म बंदी आली. पुढे त्याने स्वतःच चेंडूंवर आपल्या अपराधाबद्दल क्षमा मागणारे वाक्य लिहून, खाली सही करून, ते विकले. घेणारेही मिळाले. क्षमायाचना विकणारा आणि ती काचेच्या पेटीत ठेवण्यासाठी विकत घेणारा, यांत अधिक दोषी कोण, हे ठरविणे आम्हांला जमलेले नाही. आपल्या डब्यातील चित्रासाठी उद्या कोणी अधिक किंमत देऊ केली, आणि ती त्याच्या खेळामुळे नव्हे तर त्याच्या पापामुळे देऊ केली, तर आधी त्याला चित्राची मागची बाजू वाचू द्यावी. वाचूनही तो तीच किंमत देत असेल, तर चित्र विकू नये.