तांब्यात बदलते ते काय

द्रव्य तेच राहून गुण बदलतात, की गुण पालटताच नवे द्रव्य उपजते, हा भारतीय दर्शनांतील जुना वाद आहे. लगडीचे कडे झाले तरी सोने सोनेच, आकार हा निव्वळ नामरूपाचा भाग, असे अद्वैती मानतात; पण हा दृष्टान्त फार सोयीचा आहे, अशी शंका तांब्यावरील एका आधुनिक प्रक्रियेमुळे येते.

विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात मिन्स्क येथे सेगाल व त्यांच्या सहकाऱ्यांनी विकसित केलेल्या या पद्धतीत तांब्याची कांडी काटकोनात मिळणाऱ्या, सारख्याच छेदाच्या दोन मार्गांच्या साच्यातून पुन्हापुन्हा दाबून काढतात. कांडीची जाडी होती तेवढीच राहते. आत मात्र स्फटिककण, म्हणजे अणूंची एकसारखी मांडणी असलेले सूक्ष्म प्रदेश, दुभंगत जाऊन २००-३०० नॅनोमीटरपर्यंत बारीक होतात. कणसीमा वाढल्याने अणूंच्या थरांचे घसरणे पदोपदी अडते आणि मऊ तांबे पाचपटीच्या आसपास बळकट होते. तरीही विद्युत्संवाहकता थोड्याच टक्क्यांनी उतरते, कारण सामान्य तापमानाला इलेक्ट्रॉन दोन आघातांदरम्यान सरासरी सुमारे ४० नॅनोमीटरच जातो, म्हणजे सीमा येण्यापूर्वीच बहुतेक आघात होऊन गेलेले असतात. जस्त मिसळूनही बळकटी येते, पण परके अणू जागोजाग आडवे येतात आणि नेहमीच्या पितळेची संवाहकता तांब्याच्या तृतीयांशाहूनही कमी भरते.

येथे सोनाराचे उदाहरण उलटे होते: द्रव्य तेच, बाह्य आकारही तोच, तरी सामर्थ्य निराळे, तेव्हा आतील रचनेला केवळ नाम म्हणून बाजूला सारता येत नाही. भाजताना मडके परमाणूंपर्यंत सुटून पुन्हा जुळते, हा वैशेषिकांचा पीलुपाकवाद एकसंध कांडीला लागू पडत नाही. अखंड वस्तूतच पालट मानणारा नैयायिकांचा पिठरपाकवाद त्याहून जवळचा. उत्पत्ती, नाश आणि स्थैर्य एकाच वस्तूत एकाच वेळी मानणारे जैन मत अधिक नेमके. समंतभद्रांच्या ‘आप्तमीमांसे’त सोन्याचा घट मोडून मुकुट घडतो तेव्हा घट हवा असणारा खिन्न होतो, मुकुट हवा असणारा हर्षतो, सोने हवे असणारा तटस्थ राहतो, आणि तिघांच्याही भावना सकारण असतात.

पुरेसे तापवल्यास कण पुन्हा वाढून ही बळकटी निघून जाते, म्हणून तिला जैन परिभाषेत पर्याय, म्हणजे येणारी-जाणारी अवस्था, म्हणणे योग्यच. संवाहकतेला मात्र गुण, म्हणजे द्रव्याचा नित्य धर्म, म्हणण्याची घाई करता येत नाही, कारण कण ४० नॅनोमीटरच्या जवळ आले की तीही ढळू लागते.