एका वेचणीत शेत संपत नाही

मननासाठी शास्त्रभाग : स्तोत्रसंहिता १; मत्तय ५:२१-२६; याकोब १:२२-२५



आम्ही राहतो त्या भैंसा गावाभोवती कापसाची शेते आहेत. दिवाळीच्या सुमारास पहिली वेचणी सुरू होते. ज्याने कधी कापूस वेचला आहे त्याला ठाऊक आहे की, एका फेरीत शेत रिकामे होत नाही. आज जी बोंडे फुटली ती आज हाती येतात. शेजारचेच बोंड अजून मिटलेले असते. काही दिवसांनी त्याच ओळीतून, त्याच झाडांपाशी पुन्हा वाकावे लागते. मग तिसरी वेचणी. "या ओळीतून मी एकदा जाऊन आलो, आता तेथे काय उरले?" असे कोणी शेतकरी म्हणत नाही.

परंतु पवित्र शास्त्राविषयी आपण नेमके हेच म्हणतो. उधळ्या पुत्राची गोष्ट लहानपणी संडेस्कूलात ऐकली, चांगल्या मेंढपाळाचे स्तोत्र पाठ आहे, डोंगरावरील प्रवचन पुष्कळदा कानांवर पडले. मग ग्रंथ मिटतो, फडक्यात गुंडाळला जातो आणि कपाटात जातो, तो पुढच्या रविवारी निघतो. पहिल्या स्तोत्रातील धन्य मनुष्य असा नाही. प्रभूच्या नियमशास्त्रात त्याला गोडी आहे आणि रात्रंदिवस त्याचे मन त्यात गुंतलेले आहे, असे स्तोत्रकर्ता सांगतो. त्याने ते पूर्वीच वाचलेले आहे, तरीही तो पुन्हा त्याच ओळीत वाकला आहे.

दुसऱ्यांना दोष देण्यापूर्वी आम्ही आमचेच सांगतो. आम्ही धर्मशास्त्राची पदविका घेतली आहे. पाळकसाहेब नसतील त्या रविवारी वचन सांगण्याची जबाबदारी आमच्यावर येते. कित्येक वर्षे आम्ही शास्त्र उघडले ते बहुतेक दुसऱ्यांसाठी. हातात पेन्सिल असे आणि मनात समोर बसणारी माणसे असत : हे अमक्याला लागू पडेल, हे तमक्याने ऐकलेच पाहिजे. आम्हाला मात्र काही लागू पडत नसे. साऱ्या पंगतीला वाढून वाढप्या उपाशी राहावा, तशी आमची गत होती. आणि आपण उपाशी आहोत हेही आम्हाला कळत नव्हते.

त्याच काळात आमचा व आमच्या थोरल्या बंधूंचा शेताच्या धुऱ्यावरून वाद झाला. धुरा तो केवढा! पण त्यावरून दोन वर्षे बोलणे बंद होते. पुतणीचे लग्न ठरल्याचे आम्हाला तिसऱ्याच माणसाकडून कळले, आणि त्या लग्नाच्या उपासनेला आम्ही गेलो नाही.

त्यानंतर थोड्याच दिवसांनी एका घरी प्रार्थनासभा होती. आम्ही मत्तयाचा पाचवा अध्याय घेतला. एक मनुष्य वेदीजवळ दान घेऊन येतो, तेथे त्याला आठवते की आपल्या भावाच्या मनात आपल्याविषयी काही आहे; प्रभू त्याला सांगतो की दान तेथेच राहू दे, आधी भावाशी समेट कर. आम्ही पुष्कळ चांगले सांगितले. वेदी, अर्पण, यरुशलेमेतील मंदिर या सर्वांचे स्पष्टीकरण केले. सभा संपली. त्या घरच्या वृद्ध माउलींना अक्षर येत नाही. त्या म्हणाल्या, "भाऊ, तेवढं अजून एकदा वाचा." आम्ही वाचले. "अजून एकदा. हळू." आम्ही पुन्हा वाचले. त्या थोडा वेळ ओठांतल्या ओठांत ते शब्द घोळवीत बसल्या. मग म्हणाल्या, "मला माझी जाऊ आठवली. उद्या तिच्याकडं जाते. तुम्हाला कोण आठवलं, भाऊ?"

आमच्या वादाची त्यांना माहिती होती की नव्हती, देव जाणे. आम्ही काहीतरी उत्तर देऊन चपला पायांत घातल्या. पण त्या रात्री झोप आली नाही. शास्त्राचे मनन कसे करावे हे आम्ही पदविकेच्या पुस्तकांत वाचले होते. ते करताना आम्ही त्या दिवशी पाहिले. त्या माउलींपासून शिकलेल्या तीन गोष्टी आम्ही येथे मांडतो.

पहिली गोष्ट : वचन हळू वाचावे आणि ओठांनी वाचावे. पहिल्या स्तोत्रात मननासाठी जो मूळ इब्री शब्द आहे, त्याचा अर्थ हलक्या आवाजात पुटपुटणे असा आहे. यशयाच्या पुस्तकात तोच शब्द भक्ष्यावर बसून गुरगुरणाऱ्या सिंहाला (३१:४) आणि कण्हणाऱ्या पारव्याला (३८:१४) लावलेला आहे. म्हणजे शास्त्रातील मनन मुके नाही, त्याला आवाज आहे. रथात बसलेला हबशी अधिकारीही यशया मोठ्याने वाचीत होता, म्हणूनच फिलिप्पाला ते ऐकू आले (प्रेषितांची कृत्ये ८). दावणीला बसलेला बैल दिवसभराचे खाणे पुन्हा तोंडात आणून सावकाश चघळतो. खाल्लेले अंगी लागते ते त्या रवंथामुळे. ज्यांना वाचता येत नाही अशा आपल्या आयाबहिणींनी उदास होऊ नये. एक वचन कोणाकडून ऐकावे आणि कापूस वेचताना, भाकरी थापताना ते ओठांवर ठेवावे. हे पूर्ण मनन आहे, त्यात काही उणे नाही.

घाई न करता वाचल्याने काय होते याचा दाखला आपल्याच मराठी मंडळीत आहे. १८९३ मध्ये नागपूरहून राजनांदगावला जाताना नारायण वामन टिळकांना आगगाडीत एका परक्या सहप्रवाशाने नवा करार दिला. ते वाचीत गेले आणि डोंगरावरील प्रवचनापाशी येऊन थबकले. तेथून त्यांचे मन हलेना. त्यांचा बाप्तिस्मा झाला तो फेब्रुवारी १८९५ मध्ये. एवढे बुद्धिमान कवी, पण त्यांनाही वचन पचवायला वेळ लागला.

दुसरी गोष्ट : वचन समजेल अशा भाषेत पोहोचावे. त्या माउलींनी ते आपल्या बोलीत ऐकले म्हणून त्यांना जाऊ आठवली. नहेम्याच्या आठव्या अध्यायात एज्रा लोकांपुढे नियमशास्त्र वाचतो आणि लेवी त्याचा अर्थ उलगडून सांगतात. तेव्हा लोकांना समजते, आणि समजले म्हणून ते रडतात. हा अध्याय आम्हा सीमेवरच्या लोकांना फार जवळचा वाटतो. आमचा भैंसा, मुधोळ, कुबीर हा भाग १९५६ पर्यंत नांदेड जिल्ह्यात होता; राज्यपुनर्रचनेत तो आदिलाबादला जोडला गेला. २०१४ मध्ये तेलंगण राज्य झाले, २०१६ मध्ये निर्मल जिल्हा झाला. गाव जागचे हलले नाही, पाट्या मात्र बदलत गेल्या. घरात मराठी, बाजारात उर्दू, कचेरीत तेलुगू आणि मुलांच्या शाळेत इंग्रजी. आजीचे शास्त्र मराठी आहे. नातवाला ती अक्षरे जुळवता येत नाहीत.

मराठी शास्त्र आपल्याला फुकट मिळालेले नाही. विल्यम केरी यांनी पंडित वैजनाथांच्या साहाय्याने श्रीरामपूर येथे काम केले आणि १८०५ मध्ये मत्तयाचे शुभवर्तमान व १८११ मध्ये नवा करार मराठीत छापून निघाला. पुढे पंडिता रमाबाईंनी साध्या, अशिक्षित बायकांना कळेल अशा मराठीत संपूर्ण शास्त्र आणण्यासाठी इब्री व ग्रीक भाषांचा अभ्यास केला. आयुष्याची अखेरची वर्षे त्यांनी त्या कामाला दिली, आणि काम हातावेगळे होताच ५ एप्रिल १९२२ रोजी त्या प्रभूकडे गेल्या. केडगावच्या मुक्ती मिशनच्या छापखान्यात तेथील स्त्रियांनीच खिळे जुळवून तो ग्रंथ छापला. १९२४ मध्ये तो प्रसिद्ध झाला.

आमच्या गावापासून जवळच गोदाकाठी बासर आहे. दूरदूरचे आईबाप मुलांना सरस्वतीच्या देवळात पहिले अक्षर गिरवायला आणतात. त्यांची श्रद्धा त्यांच्यापाशी. पण अक्षराविषयीचा त्यांचा आदर पाहून आम्हाला स्वतःची लाज वाटते. आपण तर ग्रंथ लाभलेले लोक! यावर एक उपाय आम्ही करून पाहिला आहे. मुलाने तेलुगूत किंवा इंग्रजीत, त्याला येईल त्या भाषेत, पाच ओव्या वाचाव्या आणि काय वाचले ते आजीला मराठीत सांगावे. मग आजीने तेच आपल्या शब्दांत पुन्हा सांगावे. नातू एज्रा होतो, आजी लेवी होते. दहा मिनिटे पुरतात.

तिसरी गोष्ट : वचन ऐकून उठावे. याकोब म्हणतो की जो ऐकतो पण करीत नाही, तो आरशात तोंड पाहून निघून जाणाऱ्या व लगेच आपला चेहरा विसरणाऱ्या माणसासारखा आहे. आम्ही तर दुसऱ्यांपुढे आरसा धरून उभे होतो, त्याची पाठ आमच्याकडे होती.

त्या माउली दुसऱ्याच दिवशी जावेकडे गेल्या. आम्हाला आठ दिवस लागले. रोज सकाळी आम्ही त्याच सहा ओव्या वाचीत होतो. दुसरे काही वाचायचे धैर्य होत नव्हते. शेवटी एका संध्याकाळी गेलो. बंधू ओसरीवर बसले होते, काही बोलले नाहीत. वहिनींनी पाण्याचा तांब्या आणून ठेवला. आम्ही एवढेच म्हटले, "दादा, चुकलं आमचं." पुढे सरकारी मोजणी झाली, तेव्हा धुरा आमच्याच बाजूने त्यांच्या शेतात सरकलेला निघाला. आज आमचे येणेजाणे आहे, पण पुतणीच्या लग्नाचा दिवस परत येणार नाही. वचन ऐकूनही न ऐकल्याची किंमत अशी द्यावी लागते, हे वाचकांपासून आम्ही लपवीत नाही.

आता थोडे व्यवहाराचे बोलू. पवित्र शास्त्रात ६६ पुस्तके व १,१८९ अध्याय आहेत. रोज तीन व रविवारी पाच अध्याय वाचले तर वर्षात ते पूर्ण होते. हे उत्तम आहे. पण ज्याला सवय नाही त्याने मार्कापासून आरंभ करावा. सोळा अध्याय, सोळा दिवस. त्याहून थोडे हवे असेल तर ११९ वे स्तोत्र घ्यावे : आठ-आठ ओव्यांचे बावीस भाग, दिवसाला एक. वाचून झाल्यावर तीन प्रश्न स्वतःला विचारावे : येथे देव कसा दिसतो? मला कोण आठवले? आज मी काय करावे? मोबाइलवर शास्त्र वाचता येते, ऐकताही येते. निरक्षर भावंडांसाठी ही मोठी सोय आहे. पण सकाळी आलेले वचन न वाचताच दहा जणांना पुढे पाठवणे, याला मनन म्हणता येणार नाही.

मार्च २०२० मध्ये टाळेबंदी आली आणि उपासनामंदिरांना कुलुपे लागली. १२ एप्रिलचा पुनरुत्थानाचा रविवार आपण सर्वांनी घरातच काढला. ज्या घरांत रोज वचनाची सवय होती, तेथे कोणीतरी ग्रंथ उघडला, गीत म्हटले आणि उपासना झाली. ज्या घरांत ती नव्हती, तेथे लोक पाळकांच्या फोनची वाट पाहत बसले. असे दिवस पुन्हा येऊ नयेत. पण आले तर आपल्या घरात वाचणारा कोण आहे, याचा विचार आजच करावा.

म्हणून, प्रियजनहो, या आठवड्यात नवीन भाग शोधू नका. जो पुष्कळदा ऐकला आहे तोच घ्या. त्याच ओळीतून पुन्हा चला. गेल्या वेळी मिटलेले बोंड कदाचित आज उघडले असेल.

हे दयाळू पित्या, तुझे वचन आम्ही इतरांना वाढले आणि स्वतः चाखले नाही, याची आम्हाला क्षमा कर. ज्याच्याकडे जायचे आहे त्याची आम्हाला आठवण दे, आणि उठून जाण्याचे बळ दे. आमच्या लेकरांच्या ओठांवर तुझे वचन ठेव, मग ते कोणत्याही भाषेत असो. तुझा पुत्र येशू ख्रिस्त आमचा प्रभू याच्या नावाने मागतो. आमेन.